युद्धनौकेचा शेवटचा पहारेकरी

समुद्रावरील युद्धाची गोष्ट निघाली, कीं आपल्या डोळ्यांपुढें मोठमोठ्या तोफा, धुराचे लोट आणि बुडतीं जहाजें असें चित्र उभें राहतें. आज मी ज्या तोफेविषयीं बोलणार आहें ती ह्या चित्रांत कोठेंच बसत नाहीं. ती शत्रूचें जहाज बुडविण्यासाठीं नाहीं, कीं किनाऱ्यावरचा कोट पाडण्यासाठीं नाहीं. आपल्या जहाजावर धांवून येणारें क्षेपणास्त्र अगदीं अखेरच्या दोन-चार क्षणांत हवेंतल्या हवेंत फोडून टाकणें, एवढेंच तिचें काम. तिला आपण युद्धनौकेचा शेवटचा पहारेकरी म्हणूं. दूरच्या पल्ल्याचीं अस्त्रें चुकलीं, मधल्या पल्ल्याचीं चुकलीं, शत्रूला चकविण्याच्या युक्त्या फसल्या, म्हणजे मग ह्या पहारेकऱ्याची पाळी येते. त्याच्यामागें दुसरा कोणी उभा नसतो.

माझा जन्म शाळेंत मुलांना गणित आणि भूगोल शिकविण्यांत गेला. लढाऊ जहाजावर मी नोकरी केलेली नाहीं. परंतु ह्या तोफेची हकीकत वाचूं लागल्यावर मला दिसून आलें, कीं तिच्यांत त्रैराशिकाचें गणित जितकें आहे तितकाच एक मोठा नीतीचा प्रश्नहि आहे. तो प्रश्न असा: विचार करावयास वेळच उरला नाहीं, तर गोळी झाडण्याचा निर्णय यंत्राच्या स्वाधीन करावा कीं काय? आणि केला, तर त्या निर्णयाची जबाबदारी कोणाच्या शिरावर राहते? समुद्रावर गेल्या अर्धशतकांत जें घडलें त्याच्या आधारानेंच ह्या प्रश्नाचा विचार करणें बरें.

प्रथम हा पहारेकरी लागला कां, तें पाहूं. १९४१ सालच्या डिसेंबरच्या १० तारखेस मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनीं 'प्रिन्स ऑफ वेल्स' व 'रिपल्स' ह्या दोन बलाढ्य ब्रिटिश युद्धनौका कांहीं तासांच्या आंत बुडविल्या, आणि आकाशाकडून येणारें संकट केवढें आहे हें सर्व आरमारांस कळून चुकलें. मग जहाजांच्या डेकांवर विमानविरोधी तोफांची दाटी होऊं लागली. त्यांत दोन तोफा विशेष नांवाजल्या. एक स्वित्झर्लंडमधील ओर्लिकॉन कारखान्याची २० मिलिमीटर तोंडाची, दुसरी स्वीडनमधील बोफोर्स कारखान्याची ४० मिलिमीटर तोंडाची. ओर्लिकॉन मिनिटाला सुमारें ४५० गोळ्या झाडण्याच्या वेगाची होती; बोफोर्सच्या एका नळीचा वेग मिनिटाला सुमारें १२० होता. ओर्लिकॉनला खांदा लावून एक खलाशी उभा राही आणि डोळा व हात ह्यांच्या भरंवशावर नेम धरी.

१९४४ च्या ऑक्टोबरांत फिलिपाईन बेटांच्या लढाईंत जपानी वैमानिक बाँबनें भरलेलें विमान स्वतःसकट शत्रूच्या जहाजावर नेऊन आदळूं लागले. ह्या आत्मघातकी वैमानिकांनीं तोफखान्यापुढें एक नवाच प्रश्न टाकला. पूर्वीं वैमानिक जखमी झाला, अगर नुसता भ्याला, तरी काम भागत असे. तो परत फिरे. आतां तो मेला तरी त्याचें विमान पुढें येतच राही. म्हणजे विमानाला लागणें पुरेसें नव्हतें. त्याचे तुकडे उडाले पाहिजेत, आणि तेहि जहाजापासून बऱ्याच अंतरावर. पुढें आलेलें क्षेपणास्त्र म्हणजे माणसावांचून चालणारें असेंच आत्मघातकी विमान होय. त्याला भीति नाहीं, दमणूक नाहीं, परतीची वाट नाहीं.

हें अस्त्र जगाच्या नजरेंत भरलें तें १९६७ सालीं. त्या वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं इजिप्तच्या लहान नौकांनीं पोर्ट सैद बंदरांतूनच रशियन बनावटीचीं क्षेपणास्त्रें सोडून इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडविली. जहाजावरील लोकांस क्षेपणास्त्र येतांना दिसलें, त्यांनीं जहाज वळविलें, बंदुका चालविल्या, पण व्यर्थ. ४७ खलाशी प्राणांस मुकले. चार पैशांच्या होडीनें हत्तीसारखें जहाज लोळविल्यावर जगांतील सर्व आरमारांची झोंप उडाली, ह्यांत नवल काय?

ह्या कथेचा पुढचा अध्याय तर आपल्या मुंबईच्या आरमाराशींच जोडलेला आहे. १९७१ च्या डिसेंबरच्या ४ तारखेच्या रात्रीं आपल्या नौदलाच्या 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' ह्या क्षेपणास्त्र-नौकांनीं कराचीवर धाड घातली. त्याच जातीच्या रशियन क्षेपणास्त्रांनीं पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडाली. आकाशांतून एक तेजस्वी दिवा आपल्याकडे येत आहे, एवढेंच 'खैबर'वरील लोकांस दिसलें. तें विमानच असावें असें समजून त्यांनीं विमानविरोधी तोफा डागल्या. क्षेपणास्त्रावर त्यांचा कांहींएक परिणाम झाला नाहीं. जहाजाबरोबर दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. आपण ४ डिसेंबर हा नौदलदिन म्हणून अभिमानानें पाळतों, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्या रात्रीचा धडा जेत्यालाहि लागू होता: जें अस्त्र आज आपल्या हातीं आहे तें उद्यां शत्रूच्याहि हातीं येणार, आणि तेव्हां आपल्या खलाशांजवळ बचावाचें साधन काय असेल?

त्यानंतर अकरा वर्षांनीं, १९८२ च्या मे महिन्याच्या ४ तारखेस, फॉकलंड बेटांच्या युद्धांत अर्जेंटिनाच्या विमानानें सोडलेलें 'एक्झोसेट' जातीचें फ्रेंच क्षेपणास्त्र ब्रिटनच्या 'शेफिल्ड' ह्या विनाशिकेच्या कुशींत घुसलें. २० माणसें मृत्यु पावलीं, आणि जळून खाक झालेलें तें जहाज पुढें ओढून नेत असतां १० मे रोजीं बुडालें. ह्या प्रसंगाच्या चौकशीचा अहवाल २०१७ सालीं खुला झाला. त्यावरून दिसतें, कीं शेजारच्या 'ग्लासगो' ह्या जहाजानें धोक्याची सूचना दिली होती; पण 'शेफिल्ड'वर ती पुरतेपणीं मनावर घेतली गेली नाहीं, आणि क्षेपणास्त्र प्रत्यक्ष दिसल्यावर डेकावरील अधिकारी जणूं खिळून राहिले. जवळच्या पल्ल्याची स्वयंचलित तोफ त्या जहाजावर नव्हती. मग तहान लागल्यावर विहीर खणावी त्याप्रमाणें ब्रिटिशांनीं धांवपळ करून अमेरिकेकडून तसल्या तोफा आणविल्या, आणि 'इलस्ट्रियस' ह्या नव्या विमानवाहू जहाजावर त्या बसवून तें त्याच वर्षीं दक्षिणेकडे धाडलें.

आतां थोडें गणित करूं. माझी शाळामास्तराची संवय श्रोत्यांनीं पोटांत घालावी. पण ह्या गणितावांचून पुढचें कांहींच उमगणार नाहीं.

पृथ्वी वाटोळी आहे, म्हणून समुद्रावर दूरची वस्तु क्षितिजाखालीं दडते. रडारच्या लहरी साधारणपणें सरळ रेषेंत जातात. जहाजाच्या डोलकाठीवर २० मीटर उंचीवर रडार आहे आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून अवघ्या ५ मीटर उंचीवरून येत आहे असें धरा. तर तें रडारला प्रथम दिसूं शकतें सुमारें २७ किलोमीटरांवर. 'एक्झोसेट'चा वेग सेकंदाला सुमारें ३०० मीटर. भागाकार केला म्हणजे उत्तर येतें ९० सेकंद, म्हणजे दीड मिनिट. एवढ्या वेळांत गरम चहाचा एक पेलाहि पिऊन होत नाहीं. आणि तो लाटांच्या गर्दींतला बारीक ठिपका आहे काय, मासेमारीची होडी आहे काय, मित्राचें विमान आहे कीं शत्रूचें, हें सारें ओळखावयाचें ह्याच दीड मिनिटांत.

पुढें ऐका. आपल्या पहारेकऱ्याचा परिणामकारक पल्ला सुमारें दीड किलोमीटर. क्षेपणास्त्र त्या पल्ल्यांत शिरल्यापासून जहाजावर आदळेपर्यंत जातात पांच सेकंद. तेंहि सारे आपले नव्हेत. कारण तें अगदीं जवळ येऊन फुटलें, तर त्याचे जळते तुकडे त्याच वेगानें जहाजावर येऊन पडतात. तें निदान अर्धा किलोमीटर दूर असतांना फुटलें पाहिजे. म्हणजे तोफेच्या वांट्याला आले सुमारें साडेतीन सेकंद. आपण एकदां सावकाश श्वास आंत घेऊन बाहेर सोडावा, कीं तेवढा वेळ संपला. ओर्लिकॉनमागें उभा असलेला तो शूर खलाशी एवढ्या अवकाशांत काय करणार? माणसाच्या हातून हें काम होण्यासारखें नाहीं, हें गणितच सांगतें.

म्हणून ह्या तोफेंत दोन गोष्टी एकत्र आणल्या आहेत: गोळ्यांचा अतोनात वेग, आणि माणसाच्या डोळ्यावांचून धरलेला नेम.

पहिली गोष्ट मूळची फार जुनी आहे. रिचर्ड गॅटलिंग नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८६२ सालीं, त्या देशांतील यादवी युद्ध चालूं असतां, हातानें दांडा फिरवून चालवावयाच्या अनेक नळ्यांच्या बंदुकीचें पेटंट घेतलें. हे गृहस्थ वैद्यकाची पदवी घेतलेले होते, आणि त्यापूर्वीं त्यांनीं धान्य पेरण्याचें यंत्र शोधून काढलें होतें. आपल्याकडील तिफणीचा हा दूरचा भाऊच म्हणावयाचा. एका माणसाच्या हातून शंभरांचें काम होऊं लागलें म्हणजे मोठीं सैन्यें लागणार नाहींत, आणि लढाईंत व रोगराईंत मरणाऱ्यांची संख्या घटेल, असा आपला हेतु असल्याचें त्यांनीं पुढें लिहून ठेवलें. त्यांची आशा कितपत फळास आली, हें विसाव्या शतकाचा इतिहास वाचलेल्या श्रोत्यांस मीं सांगावयास नको. पुढें एकाच नळीच्या मशीनगना आल्या आणि गॅटलिंगची बंदूक अडगळींत पडली. १९४६ सालीं अमेरिकेंत विमानांसाठीं तीच कल्पना पुन्हां हातीं घेण्यांत आली. ह्या वेळीं दांडा फिरवावयास हाताऐवजीं यंत्रशक्ति होती. त्यांतून सहा नळ्यांची २० मिलिमीटरची 'व्हल्कन' तोफ जन्मास आली.

सहा नळ्या कशासाठीं? आपलें रहाटगाडगें डोळ्यांपुढें आणा. एक पोहरा विहिरींत भरत असतो, दुसरा वर येत असतो, तिसरा पन्हळींत रिता होत असतो, आणि चौथा खालीं जात असतो. पाणी मात्र अखंड वाहतें. येथेंहि तसेंच. नळ्यांचा जुडगा गरगरा फिरतो. एकींत काडतूस शिरतें, दुसरींतून गोळी सुटते, तिसरींतून रिकामें टरफल बाहेर पडतें. सर्व मिळून मिनिटाला ४,५०० गोळ्या सुटल्या, तरी एका नळीच्या वांट्याला येतात ७५०, आणि दोन गोळ्यांच्या मध्यें तिला निवावयास थोडीशी उसंत मिळते.

दुसरी गोष्ट नेमाची. अमेरिकेच्या ह्या तोफेचें नांव 'फॅलँक्स'. प्राचीन ग्रीक पायदळाची, ढालीला ढाल भिडवून उभी राहणारी जी रांग असे तिचें हें नांव. १९८० सालीं 'कोरल सी' ह्या विमानवाहू जहाजावर ती प्रथम बसविण्यांत आली. तिच्या माथ्यावर पांढरें, घुमटासारखें एक पिंप दिसतें. त्यांत दोन रडारें असतात. एक सभोंवार शोध घेतें, दुसरें सांपडलेल्या वस्तूचा माग सोडीत नाहीं. आबाधुबीच्या खेळांत धांवत्या मुलाला चेंडू मारावयाचा, तर तो जेथें आहे तेथें मारून चालत नाहीं. तो जेथें पोहोंचणार तेथें मारावा लागतो. ही तोफहि तसेंच करते. तिच्या गोळीचा सुटतांनाचा वेग सेकंदाला सुमारें १,१०० मीटर. म्हणजे एक किलोमीटर जावयास तिला सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यांत क्षेपणास्त्र ३०० मीटर पुढें सरकलेलें असतें. शिवाय जहाज लाटांवर डोलत असतें तें वेगळेंच. हा सर्व हिशेब तिच्या पोटांतील गणकयंत्र करतें.

ह्याहून चमत्कारिक युक्ति अशी, कीं तें रडार क्षेपणास्त्राबरोबर आपल्या स्वतःच्या गोळ्याहि पाहत असतें. बागेला नळीनें पाणी घालणारा माणूस धार कोठें पडते तें बघतो आणि मनगट किंचित वळवून ती हव्या त्या रोपावर आणतो. तोफहि आपली गोळ्यांची धार क्षेपणास्त्रापासून किती डावीकडे, किती उजवीकडे जाते तें मोजते आणि तें अंतर शून्यावर येईपर्यंत तोंड वळवीत राहते. गोळ्यांचा गाभा टंगस्टनसारख्या धातूचा करतात. त्या धातूची घनता जवळजवळ सोन्याइतकी असते, म्हणून लहानशी गोळीहि खोल घुसते. दारूगोळ्याचा सांठा मात्र मोठा नाहीं. सुधारलेल्या तोफेच्या पिंपांत सुमारें १,५५० गोळ्या मावतात. सेकंदाला ७५ प्रमाणें त्या वीस-एकवीस सेकंदांत संपतात. संकट एकाच वेळीं अनेक दिशांनीं आलें, तर हा पहारेकरी लौकरच रिकाम्या हातानें उभा राहतो.

इतर देशांनींहि आपापले पहारेकरी उभे केले. हॉलंडच्या 'गोलकीपर' तोफेला ३० मिलिमीटरच्या सात नळ्या आहेत, आणि ती मिनिटाला ४,२०० गोळ्या टाकते. सोव्हिएट रशियानें १९७० नंतरच्या दशकांत 'एके-६३०' ही ३० मिलिमीटरची सहा नळ्यांची तोफ आरमारांत आणली. तिचा वेग मिनिटाला सुमारें ५,००० गोळ्या. तिच्या नळ्या गोळीच्याच वायूच्या जोरानें फिरतात, आणि तिचें रडार तोफेवर नसून जहाजावर वेगळ्या ठिकाणीं असतें. आपल्या नौदलाचा शेवटचा पहारेकरी बहुतेक ठिकाणीं हाच आहे. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेल्या आणि १९९७ सालीं नौदलांत दाखल झालेल्या 'दिल्ली' ह्या विनाशिकेवर अशा चार तोफा बसविल्या. त्याच गोदींतून २०२१ सालीं आलेल्या 'विशाखापट्टणम्'वरहि चारच आहेत. नौदलदिनाच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियापुढें उभीं असलेलीं जहाजें पाहण्याचा योग आला, तर डेकाच्या बाजूंस त्या बसक्या, गोल माथ्याच्या तोफा अवश्य पाहाव्या.

येथवर यंत्राची स्तुति झाली. आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ही तोफ शोध, माग, निर्णय आणि मारा, हीं चारहि कामें आपण होऊन करूं शकते. समोरून येणारी वस्तु किती वेगानें येत आहे, ती आपल्याच रोखानें येत आहे काय, ती आपल्यावर आदळेल काय, एवढेंच ती तपासते. ती वस्तु मित्राची आहे कीं शत्रूची, हें 'फॅलँक्स'ला ओळखतां येत नाहीं. म्हणून तिला एक कळ ठेवलेली असते. कळ एका बाजूस असली तर तोफ जागी असून हुकमाची वाट पाहते. दुसऱ्या बाजूस फिरविली तर ती कोणालाहि न विचारतां गोळ्या झाडते. ही कळ फिरविणारा माणूस असतो. माझ्या मतें ह्या सर्व यंत्रांत महत्त्वाचा भाग कोणता असेल, तर ती कळ आणि तिच्यावरचा हात.

हा हात मागें राहिला म्हणजे काय होतें पाहा. १९८७ च्या मे महिन्याच्या १७ तारखेस इराणच्या आखातांत अमेरिकेच्या 'स्टार्क' ह्या जहाजावर इराकच्या विमानानें दोन 'एक्झोसेट' क्षेपणास्त्रें सोडलीं. इराक त्या वेळीं अमेरिकेचा शत्रु नव्हता. विमान बराच वेळ रडारवर दिसत होतें, आणि तें हल्ला करील असें कोणास वाटलें नाहीं. 'स्टार्क'वर 'फॅलँक्स' होती, पण तिची कळ हुकमाची वाट पाहण्याच्या बाजूस होती. ती एकहि गोळी झाडूं शकली नाहीं. ३७ खलाशी मृत्युमुखीं पडले. २००६ च्या जुलै महिन्याच्या १४ तारखेस बैरूतच्या किनाऱ्यापुढें इस्रायलच्या 'हनित' ह्या जहाजाची गत तशीच झाली. किनाऱ्यावर असें क्षेपणास्त्र असेल ही कल्पनाच नसल्यामुळें बचावाचीं साधनें चालूं केलेलीं नव्हतीं. चार जण प्राणांस मुकले. घरीं शस्त्र आहे, पण तें कुलपांत आहे आणि किल्ली कोणाजवळ आहे तें आठवत नाहीं, अशांतलाच हा प्रकार.

मग कोणी म्हणेल, कीं कळ नेहमींच स्वयंचलित बाजूला ठेवावी, म्हणजे चिंता मिटली. तेंहि इतकें सोपें नाहीं. १९८९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या 'एल पासो' जहाजानें सरावाच्या वेळीं एक वैमानिकरहित विमान नेमकें टिपलें. तें समुद्रांत कोसळत असतां तोफ त्याच्या मागोमाग गोळ्या झाडीत राहिली, आणि त्यांतल्या कांहीं पलीकडच्या 'इवो जिमा' ह्या स्वकीय जहाजास लागून एक अधिकारी ठार झाला. १९९१ च्या फेब्रुवारीच्या २५ तारखेस आखाती युद्धांत इराकनें 'मिझुरी' ह्या जंगी युद्धनौकेच्या रोखानें क्षेपणास्त्र सोडलें. 'मिझुरी'नें शत्रूचें रडार चकविण्यासाठीं हवेंत धातूच्या बारीक पट्ट्यांचा मेघ उडविला. शेजारच्या 'जॅरेट' जहाजाची 'फॅलँक्स' स्वयंचलित बाजूस होती. तिनें त्या मेघालाच शत्रु मानून मारा केला, आणि चार गोळ्या 'मिझुरी'ला लागल्या. खरें क्षेपणास्त्र पाडलें तें ब्रिटनच्या 'ग्लॉस्टर' जहाजानें, दूरच्या पल्ल्याच्या अस्त्रानें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा यंत्रयुगांतला नमुना!

आतां ह्याच्या उलट, माणसाच्या हातून घडलेलें ऐका. १९९६ च्या जून महिन्याच्या ४ तारखेस पॅसिफिक महासागरांतील सरावांत एक अमेरिकन विमान लांब दोरानें एक लक्ष्य ओढीत होतें, आणि जपानच्या 'यूगिरी' जहाजानें तें लक्ष्य टिपावयाचें होतें. तोफेनें माग धरला तो लक्ष्याचा नव्हे, विमानाचा. आणि विमान पुरेसें दूर जाण्याआधींच अधिकाऱ्यानें माऱ्याचा हुकूम दिला. विमान पडलें; दैव बलवत्तर म्हणून दोघेहि वैमानिक वांचले. यंत्रानें चुकीची वस्तु धरली, आणि ज्यानें थांबवावयाचें त्यानें घाई केली.

आणि माणूस शांतपणें विचार करील हा भरंवसा तरी कितीसा धरावा? 'स्टार्क'च्या दुर्घटनेनंतर वर्षभरानें, १९८८ च्या जुलैच्या ३ तारखेस, त्याच आखातांत 'व्हिन्सेन्स' ह्या अमेरिकन जहाजानें इराणचें उतारूंचें विमान पाडलें, आणि २९० निरपराध जीव गेले. तेथें ही तोफ नव्हे, तर दूरच्या पल्ल्याचीं क्षेपणास्त्रें वापरलीं गेलीं. परंतु बोध एकच. विमान वर चढत आहे असें यंत्रांनीं बरोबर टिपलें होतें. गडबडींत सांपडलेल्या माणसांनीं तें आपल्यावर खालीं झेपावत आहे असा समज करून घेतला. एक वर्षापूर्वीं उशीर झाला म्हणून ३७ गेले. आतां घाई झाली म्हणून २९० गेले. यंत्र तेवढें दोषी आणि माणूस तेवढा शहाणा, असें म्हणण्याची सोय इतिहासानें ठेवलेली नाहीं.

ह्या पहारेकऱ्याच्या कामगिरीला हल्लीं मर्यादाहि दिसूं लागल्या आहेत. ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगानें जाणारीं क्षेपणास्त्रें आज अनेक देशांजवळ आहेत. भारत व रशिया ह्यांनीं मिळून केलेलें 'ब्रह्मोस' त्यांतलेंच. मघांचें त्रैराशिक त्यांना लावून पाहा. दीड किलोमीटर अंतर तीं दीड-दोन सेकंदांत तोडतात, आणि फुटलीं तरी त्यांचे तुकडे जहाजापर्यंत पोहोंचतात. म्हणून अनेक आरमारें तोफेच्या जोडीस, कोठें तिच्या जागीं, लहान व चपळ क्षेपणास्त्रें बसवीत आहेत. परंतु तोफ निकालांत निघाली असें मात्र नाहीं. २०२४ च्या जानेवारीच्या ३० तारखेस तांबड्या समुद्रांत येमेनमधून सुटलेलें एक क्षेपणास्त्र अमेरिकेच्या 'ग्रेव्हली' जहाजापासून सुमारें एका मैलापर्यंत येऊन पोहोंचलें, आणि 'फॅलँक्स'नेंच तें पाडलें. आधींच्या सर्व फळ्या ओलांडून आलेलें संकट शेवटच्या पहारेकऱ्यानें अडविलें. शिवाय हल्लीं ज्यांना ड्रोन म्हणतात तीं स्वस्त वैमानिकरहित विमानें झुंडींनीं येऊं लागलीं आहेत. अशा एकेका विमानावर फार महागडें क्षेपणास्त्र खर्चणें श्रीमंत राष्ट्रालाहि परवडत नाहीं. तेथें तोफेची गोळीच कामास येते.

श्रोतेहो, ह्या सर्व हकिकतींतून मला जें उमगलें तें थोडक्यांत सांगतों. साडेतीन सेकंदांचें काम यंत्रानेंच केलें पाहिजे. तेथें माणसाची सांवलीहि पोहोंचूं शकत नाहीं. त्या वेळीं माणसानें मध्यें यावें असा हट्ट धरणें म्हणजे आपल्याच खलाशांना मृत्यूच्या दाढेंत लोटणें होय. पण त्या साडेतीन सेकंदांच्या आधींचे सारे तास, दिवस आणि वर्षें माणसाचींच आहेत. कोणत्या समुद्रांत कळ फिरवावयाची, आजूबाजूस कोणाचीं जहाजें आहेत, आकाशांतून उतारूंचीं विमानें केव्हां जातात, सरावांत तोफेपुढें कोण उभें आहे, हा विचार आधीं आणि शांतपणें व्हावा लागतो. जेथें तो झाला नाहीं तेथें तोफ एक तर मुकी राहिली, नाहीं तर तिनें स्वकीयांवर गोळी झाडली. निर्णयाची जबाबदारी यंत्राकडे गेली असें आपण म्हणतों. खरें पाहतां ती कळ फिरविण्याच्या क्षणापर्यंत मागें सरकलेली असते, आणि त्या क्षणाचा धनी माणूसच असतो.

पुढील काळांत विचार करणारीं यंत्रें केवळ जहाजांवरच असतील असें नाहीं. रुग्णालयांत, रस्त्यावर, कचेरींत, कदाचित् न्यायालयांतहि तीं येतील. कांहीं ठिकाणीं आलींहि आहेत. त्यांच्या कळा कोणाच्या हातीं असाव्या आणि केव्हां फिरवाव्या, हा प्रश्न मग आरमाराच्या अधिकाऱ्यांपुरता राहणार नाहीं. तो आपल्या प्रत्येकाच्या दाराशीं येईल. समुद्रावरच्या खलाशांनीं त्याचें उत्तर शोधतांना प्राणांचें मोल दिलें आहे. त्यांच्या अनुभवाचा विचार आपण घरीं बसून, पुरेसा वेळ हातीं असतांनाच, करून ठेवावा, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.